सरकारी शाळा आणि सरकारी माणसे

संसदेच्या २०२२ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एका वेगळ्याच विषयाने लोकसभेचे लक्ष वेधले. केंद्रीय विद्यालयांतील प्रवेशासाठी प्रत्येक खासदाराला दरवर्षी दहा शिफारशी करता येत. त्या पुरत नाहीत; तेव्हा कोटा वाढवा अथवा रद्द करा, अशी मागणी पुढे आली. एप्रिलमध्ये सरकारने दुसरा मार्ग पत्करला. दोन्ही सभागृहांच्या ७८८ सदस्यांच्या मिळून ७,८८० शिफारशी संपुष्टात आल्या.

सरकारी शाळांकडे पालक पाठ फिरवतात, ही नित्याची ओरड. मग सरकारच चालवीत असलेल्या या शाळांसाठी खासदारांच्या दारी गर्दी का होत होती? पालकांचे वैर सरकारी मालकीशी नाही, हेच त्याचे उत्तर. खासगी की सरकारी, यापेक्षा कोणती सरकारी, हा प्रश्न अधिक कळीचा आहे.

१९६३ मध्ये सुरू झालेली ही विद्यालये मुळात बदलीपात्र केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या अपत्यांसाठी. त्यांच्या प्रवेशाचा अग्रक्रम बोलका आहे. बदली होऊन दिल्लीत आलेल्या मराठी अधिकाऱ्याचे मूल यादीत वर असते; करोल बागेत सोने गाळणाऱ्या विटा-आटपाडीकडील गलाई कारागिराचे मूल तळाशी. त्याच्या वाट्याला येते ती महापालिकेची शाळा, नाहीतर शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांची सोडत. दोघेही पोटासाठीच दिल्लीत आलेले. पण एकाची गैरसोय शासन आपली मानते, दुसऱ्याची नाही.

शिवाय अधिकाऱ्याला खासगी शाळेची वाटही मोकळी आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांना दोन अपत्यांपर्यंत बालशिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो प्रत्येकी दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे झाला. मान्यताप्राप्त खासगी शाळेसाठीही तो लागू आहे. म्हणजे शासनच आपल्या सेवकाला सामान्य सरकारी शाळेपासून दूर जाण्यास हातभार लावते.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये समान शाळा पद्धतीची शिफारस केली. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती उचलून धरली, पण ती कागदावरच राहिली. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील सरकारी सेवक व लोकप्रतिनिधींची मुले परिषदेच्या प्राथमिक शाळांतच शिकली पाहिजेत, असा आदेश दिला. त्याचीही अंमलबजावणी झाली नाही.

यासाठी एखाद्या पालकाला दोष देणे अन्यायाचे ठरेल. मुलाचे बालपण एकदाच येते. धोरणाच्या प्रयोगासाठी ते पणाला लावा, असे कोणी सांगू नये. तथापि ज्यांच्या तक्रारीची दखल शासनाला घ्यावी लागते, असे पालक शाळेच्या फाटकाशी उभे नसले, की गळके छप्पर आणि रिकामे शिक्षकपद वर्षानुवर्षे तसेच राहते. केंद्रीय विद्यालयाला असे पालक लाभले. गलाई कारागिराच्या मुलाच्या शाळेला ते कधी लाभणार, याचे उत्तर शाळेने नव्हे, सचिवालयाने द्यायचे आहे.