विजेचा गडगडाट आणि ध्वनीची चाल

वळवाच्या पावसात वीज आधी चमकते आणि गडगडाट मागाहून ऐकू येतो. वस्तुतः दोन्ही एकाच क्षणी उत्पन्न होतात. विजेच्या मार्गातील हवा निमिषार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, एकदम प्रसरण पावते आणि शेजारच्या हवेला धक्का देते. तो धक्का एका थरातून दुसऱ्या थरात पुढे जातो. हवा मात्र जागच्या जागी मागेपुढे हेलकावते. यासच ध्वनितरंग म्हणतात.

प्रकाश सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावतो, म्हणून वीज तत्काळ दिसते. ध्वनी हवेतून सेकंदास ३४० मीटरांच्या आसपासच जातो. एक किलोमीटरास त्याला जवळजवळ ३ सेकंद लागतात. विजेची रेषा कित्येक किलोमीटर लांब असू शकते. तिच्या जवळच्या भागाचा आवाज आधी आणि दूरच्या भागाचा मागून पोहोचतो. म्हणून क्षणाचा कडकडाट लांबत जातो.

हा हिशेब जीव वाचविण्यासाठी उपयोगी पडतो. वीज दिसताच सेकंद मोजावेत आणि त्या संख्येस ३ ने भागावे, म्हणजे विजेचे अंतर किलोमीटरांत मिळते. गडगडाट ३० सेकंदांच्या आत आला, तर वीज १० किलोमीटरांच्या टप्प्यात आहे असे समजावे. शेतातील माणसाने अशा वेळी झाडाचा आसरा न घेता पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. अंगावर कोसळणारी वीज मोजण्यास अवसर देत नाही. मोजणी दूरच्या विजेपासूनच आरंभावी.