वाघ : नोटेवरचा आणि शिवेवरचा

देशाच्या खुणा : भाग 6

मागच्या भागात सारनाथच्या सिंहांची गोष्ट झाली. ती वाचल्यावर एक प्रश्न कुणालाही पडेल. राजमुद्रेवर सिंह, आधारकार्डावर सिंह, पासपोर्टवर सिंह. मग राष्ट्रीय प्राणी वाघ कसा?

उत्तर असे की 1972पर्यंत हा मान सिंहाकडेच होता. पण सिंह तेव्हा उरला होता फक्त सौराष्ट्रातल्या गीरच्या जंगलात, म्हणजे एका राज्याच्या एका कोपऱ्यात. वाघ मात्र हिमालयाच्या पायथ्यापासून केरळपर्यंत आणि सुंदरबनाच्या खाड्यांपासून राजस्थानच्या कोरड्या डोंगरांपर्यंत पसरलेला. साऱ्या देशाने आपला म्हणावा असा प्राणी हवा असेल, तर वाघाइतका सोयीचा दुसरा नव्हता. शिवाय तो संपत चालला होता. त्याच वर्षी पावलांच्या ठशांवरून देशभर वाघ मोजले गेले आणि आकडा निघाला 1,827. राजेरजवाड्यांच्या आणि साहेबांच्या शिकारीच्या कथा ऐकत वाढलेल्या देशाला हा आकडा चांगलाच झोंबला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चाच. पुढच्या वर्षी 1 एप्रिलला कॉर्बेटमधून व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते.

शाळेच्या पुस्तकात ‘वाघ आपला राष्ट्रीय प्राणी का?’ या प्रश्नाखाली शक्ती, चपळाई, डौल अशी उत्तरे असतात. ती खोटी नाहीत, पण सजवलेली आहेत. डौल सिंहालाही होता. वाघाला मान मिळाला तो त्याची काळजी वाटू लागली म्हणून. बहुतेक राष्ट्रचिन्हे गतवैभव सांगतात. हे चिन्ह धास्तीतून आलेले आहे आणि माझ्या मते तेच त्याचे वेगळेपण.

तसा वाघ सिंहाच्या जागी येण्याचा हा पहिला प्रसंग नव्हे. 1935 साली रिझर्व्ह बँक निघाली तेव्हा तिच्या मुद्रेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेवरचे चित्र घ्यायचे ठरले. त्यावर सिंह होता आणि ताडाचे झाड. सिंहापेक्षा वाघ अधिक हिंदुस्थानी, असे म्हणून सिंह काढून वाघ घातला गेला. वाघाचा नमुना म्हणून कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर वाड्याच्या फाटकावरचा पुतळा घेतला. पहिली छापील प्रत हाती आली तेव्हा डेप्युटी गव्हर्नर सर जेम्स टेलर वैतागले. हा वाघ कुत्र्यासारखा दिसतो, कुत्रा आणि झाड पाहून टवाळखोर हसतील, अशी त्यांची तक्रार होती. चित्रात सुधारणा झाल्या, टेलरसाहेबांचे पुरते समाधान मात्र झाले नाही. खिशातली कुठलीही नोट काढून मुद्रेतला तो बारका वाघ निरखून पाहा, त्यांचे दुखणे कळेल. यातल्या कितीतरी नोटा आपल्याच नाशिकरोडच्या छापखान्यातून निघतात. 1947च्या डिसेंबरात अशोकस्तंभाचे सिंह ज्या तिकिटावर आले, तेही नाशिकरोडलाच छापले गेले. म्हणजे देशाचे सिंह आणि वाघ दोन्ही आपल्या जिल्ह्यातून देशभर जातात.

याच जिल्ह्यात, नाशिकपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, सावळघाट आणि कोटंबीचा घाट ओलांडला की पेठ लागते. तिथला वाघ दिल्लीच्या वाघाच्या कितीतरी आधीचा आहे.

पेठ, सुरगाणा, हरसूलचा पट्टा आणि पलीकडे गुजरातेतला डांग हा सगळा कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांचा मुलूख. इथे गावाच्या शिवेवर वाघदेव असतो. देऊळ नाही, कळस नाही. एखाद्या झाडाखाली उभा केलेला सागाचा खांब किंवा दगडी फळी, वर कोरलेले चंद्र-सूर्य, खाली वाघ, त्याच्या जोडीला नाग, कुठे मोरही. सगळ्यावर शेंदूर. लाकूड पावसाने खाल्ले की नवे उभे करतात. अलीकडे सिमेंटचे, ऑइलपेंटने रंगवलेले वाघदेवही दिसतात. त्यांतले काही इतके पिवळेधमक आणि पट्टेदार असतात की टेलरसाहेबांनी त्यांना आनंदाने मंजुरी दिली असती. जुन्या खांबांवरचा वाघ मात्र साधा असतो. चार पाय, वळलेली शेपटी, बस्स. पट्टे असतात-नसतात. हा वाघच आहे अशी गावाची खात्री असली की कोरणाऱ्याला आणखी काही दाखवावे लागत नाही.

एकाच खांबावर वाघ आणि मोर पाहून शहरी माणूस चमकतो, कारण ही तर राष्ट्रीय प्राण्याची आणि राष्ट्रीय पक्ष्याची जोडी. मोराला तो मान 1963ला मिळाला. त्या निर्णयाशी या खांबाचा काही संबंध नाही, आणि दिल्लीतल्या कुणी पेठचा खांब पाहून ठरवले असेही नाही. या रानात जे दिसत होते, ज्याची भीती वाटत होती, ते लाकडावर आले.

आश्विन वद्य द्वादशीला नाशिक शहरात वसुबारस असते. सवत्स धेनूची पूजा होते, दारात पणत्या लागतात. त्याच तिथीला घाटापलीकडे वाघबारस असते. गाय तीच, गरजही तीच, फक्त नवस कुणाला बोलायचा यात फरक. शहरात गाय पूजली की भागते, कारण तिला खाणारे कुणी जवळपास नाही. पेठेत गाय वाचवायची तर वाघाशी बोलणे भाग असते.

या भागातली गुरे डांगी जातीची. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबूस ठिपके, कातडी तेलकट, त्यामुळे इथल्या धुवांधार पावसातही ती बिनतक्रार उभी राहतात. भात आणि नागलीची शेती त्यांच्या जिवावर, आणि ती चरायला रानात सोडावीच लागतात. म्हणून वाघबारस हा मुख्यतः गुराख्यांचा सण. पोरे घराघरांतून तांदूळ, नागली, डाळ गोळा करतात, शिवेवर जातात, खांबाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, कुठे कोंबडे कापतात आणि तिथेच शिजवून जेवतात. अकोले तालुक्यातल्या डोंगरांपासून इकडे पेठ-सुरगाण्यापर्यंत याचे निरनिराळे प्रकार आहेत. काही गावांत पोरांपैकीच एक वाघ होतो, एक अस्वल, एक कोल्हा. त्यांना विचारायचे, आमच्या शिवारात येशील का? त्यांनी नाही म्हणायचे, आणि नाही म्हणेपर्यंत बाकीच्यांनी त्यांना पळवायचे. पाहुण्यांना तो खेळ वाटतो. खेळ आहेच, पण वर्षाचा करारही त्यातच होतो. शिवेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तू.

राष्ट्रचिन्हांचा अभ्यास करताना मला हा खांब महत्त्वाचा वाटतो तो इथे. देशाचे चिन्ह आपण कोण आहोत हे दुसऱ्याला सांगण्यासाठी असते. ते नाण्यावर, झेंड्यावर, वकिलातीच्या दारावर जाते. वाघदेव कुणाला काही सांगायला उभा नाही. पेठचे लोक ‘आम्ही वाघासारखे’ असे म्हणत नाहीत. वाघ हा शेजारी आहे, त्याला त्याचा वाटा पोचवायचा आणि हद्द दाखवून द्यायची. पेठ एकेकाळी संस्थान होते, 1878ला ते खालसा झाले आणि त्याची राजखूण कागदपत्रांत गेली. शिवेवरचा खांब टिकला, कारण त्याच्याकडे गावाचे दर वर्षी काम असते.

पलीकडे पालघर-ठाण्याच्या वारली पट्ट्यात याच देवाला वाघोबा म्हणतात. मुंबईच्या आसपासच्या जिल्ह्यांत संशोधकांनी त्याची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली आहेत. तिथे बिबटे आणि माणसे दाटीवाटीने राहतात आणि तरीही रोज रक्त सांडत नाही, याच्या कारणांत या देवाचाही वाटा आहे, असे ते मांडतात. देवामुळे बिबट्या जनावर मारायचे थांबत नाही. पण एखादे वासरू गेले तर काय करायचे, कुणाला बोलायचे, राग किती धरायचा याची रीत गावाकडे तयार असते. वन खात्याकडेही एक रीत आहे. वेळेत कळवा, मेलेले जनावर हलवू नका, पंचनामा होऊ द्या, मग नुकसानभरपाई. दोन्ही रीती आता एकाच घरात नांदतात, आणि त्यांत कुणाला विसंगती वाटत नाही.

मी वर बिबट्या म्हटले ते जाणूनबुजून. पेठच्या रानात आज पट्टेरी वाघ राहिलेला नाही. आहे तो बिबट्या, आणि गावात त्यालाही वाघच म्हणतात. खांबावरचे पट्टे पुसट झाले तरी पूजा अडत नाही ती यामुळे. शिकारीच्या शिक्षेत कायद्यालाही दोघे सारखेच. वाघ, बिबट्या आणि मोर, तिघेही वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मारणाऱ्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. ‘राष्ट्रीय’ म्हणून वाघ मारणाऱ्याला वेगळी शिक्षा ठेवलेली नाही. झेंड्याचा अवमान, राजमुद्रेचा गैरवापर कसा होतो हे सांगणारे कायदे आहेत, वाघाच्या चित्राला तसे काही नाही. कुणीही वाघ काढावा, कसाही काढावा.

  

मग वाघाला तो मान मिळून झाले काय? लक्ष आणि पैसा मिळाला. एका प्राण्यासाठी जंगलांचे जाळे राखले गेले, आणि 2022च्या गणनेत सरासरी अंदाज 3,682 वाघांचा निघाला. मोजण्याची पद्धत आता ठशांची नाही, कॅमेऱ्यांची आहे, म्हणून हा आकडा 1972च्या आकड्याशेजारी सरळ ठेवता येत नाही. पण धास्ती उतरली एवढे नक्की. त्याची किंमतही कुणीतरी भरली. मेळघाटात कोहा, बोरी, कुंड ही गावे जंगलातून उठवून बाहेर वसवली गेली. ती कोरकूंची, आणि वाघाला देव मानण्याची रीत कोरकूंनाही नवी नाही. ज्यांनी वाघाशी हद्द ठरवून पिढ्यान्‌पिढ्या काढल्या, त्यांनाच देशाच्या वाघासाठी हद्दीबाहेर जावे लागले. काहींनी स्वखुशीने, शाळा-दवाखान्याच्या आशेने गाव सोडले हेही खरे, पण कागदावरच्या खुशीची फोड इतक्या सहज होत नाही. पेठेवर ती वेळ आली नाही, कारण पेठेत व्याघ्र प्रकल्प नाही. वाघच उरला नाही म्हणून गावे राहिली, असाही त्याचा एक अर्थ निघतो, आणि तो मला तरी सुखाचा वाटत नाही.

आता वाघबारशीपुढची अडचण वेगळीच आहे. गुराखी कमी झाले. पोरे आश्रमशाळेत आणि मोठी माणसे दिवाळी सरताच दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. गुरेही घटली. घराघरांतून दाणे गोळा करायला पोरे कमी पडतात, तिथे आता मोठी माणसे वर्गणी काढतात आणि किराणा आणतात.

पुढच्या आठवड्यात खांबावरचा दुसरा रहिवासी, मोर. 1963 साली तो निवडला जाताना शर्यतीत माळढोकही होता आणि सलीम अलींचे मत माळढोकाच्या बाजूने होते. मोर का जिंकला, आणि शेतात उतरून दाणे टिपणाऱ्या राष्ट्रीय पक्ष्याचे शेतकऱ्याने करायचे काय, ते पाहू.