त्रिपुरीचे दोन ठराव

जबलपूरजवळ त्रिपुरी येथे मार्च १९३९ मध्ये भरलेले काँग्रेस अधिवेशन आठवले जाते ते आजारी सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे हात बांधणारा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव यांमुळे. या नाट्यात अधिवेशनाचे परराष्ट्रविषयक ठराव झाकोळले गेले. पॅलेस्टिनी रुग्णांना मदत कशी पोहोचवावी, हा प्रश्न समोर असताना त्यांपैकी दोन पुन्हा वाचण्याजोगे आहेत.

पहिला चीनविषयीचा. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये पाठविलेल्या वैद्यकीय पथकाला त्याने मान्यता दिली आणि पुढेही त्यास पूर्ण साह्य मिळावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. हे पथक १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले होते. पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, तसेच नागपूरचे मोरेश्वर चोळकर. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे चोळकर यजमान प्रांताचेच! बोस यांच्या आवाहनावरून लोकांनी सुमारे २२ हजार रुपये जमविले. सरकार परके, तिजोरी नाही, पासपोर्टही ब्रिटिशांच्या मर्जीवर. रणेन सेन यांना तो नाकारला गेला, तेव्हा बिजॉयकुमार बसू गेले. कोटणीस परतलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले.

दुसरा ठराव पॅलेस्टाइनचा. अरबांच्या स्वातंत्र्यलढ्यास पाठिंबा, युरोपातील ज्यूंच्या हालअपेष्टांबद्दल सहानुभूती आणि दोघांच्या सहकार्याने स्वतंत्र लोकशाही राज्य उभे राहावे, ही आशा. भाषा विचारी होती. पथक मात्र तिकडे गेले नाही. चीनमध्ये स्वागताला तेथलेच सरकार होते. पॅलेस्टाइनच्या दारावर तोच इंग्रज होता, जो दिल्लीतही बसला होता.

दाराचा हा प्रश्न आजही सुटलेला नाही, केवळ दारवान बदलला आहे. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताने गाझासाठी पाठविलेले साडेसहा टन वैद्यकीय आणि ३२ टन आपत्कालीन साहित्य इजिप्तमधील अल-अरिश विमानतळावर उतरले. पुढचा रस्ता कोणत्या पेट्यांसाठी व केव्हा उघडेल, हे देणाराही ठरवीत नाही आणि घेणाराही नाही. २२ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीने औषधे व अन्नाची ३० टनांची खेप संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनी निर्वासित संस्थेमार्फत रवाना केली. अवघ्या सहा दिवसांनी इस्रायली संसदेने त्याच संस्थेवर बंदी घालणारे कायदे संमत केले.

मदत अपुरी आहे, ही टीका सोपी आहे. शासकीय निवेदनांत टन आणि डॉलर असतात. त्यातले किती रुग्णाच्या खाटेपर्यंत गेले, हे विचारणे अधिक अवघड आणि अधिक गैरसोयीचे. १९३९ मध्ये काँग्रेसकडे नव्हते असे एक साधन आज दिल्लीकडे आहे. १९९२ पासून इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध असल्याने दारवानाशी बोलण्याची सोय आहे. तिचा उपयोग औषधांसाठी किती होतो, यावरच या मदतीचे मोल ठरावे.

१० फेब्रुवारी २०१८ रोजी पंतप्रधानांच्या रामल्ला भेटीत बेथलेहेमजवळील बेत साहूर येथे तीन कोटी डॉलर खर्चाचे अतिविशेषोपचार रुग्णालय उभारण्याचा करार झाला. त्याचे प्रयोजन उघड आहे. वेस्ट बँकेतील कर्करुग्णाला पूर्व जेरुसलेममधील ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालय गाठायचे तर इस्रायली परवाना लागतो आणि नाक्यावर एका रुग्णवाहिकेतून दुसरीत हलविले जाण्याची वेळ येते. बेत साहूरमध्ये हा फेरा टळेल. मात्र तेथे लागणारी यंत्रेही इस्रायलच्या ताब्यातील नाक्यांवरूनच आत जाणार.