पाण्याच्या वहीत खर्चाचीही बाजू हवी

दुष्काळ पडला की योजनांचे आकडे कानावर येतात. इतके बंधारे बांधले, इतका गाळ काढला, इतकी गावं दुष्काळमुक्त झाली. टँकरपाशी हंडा घेऊन उभी असलेली बाई मात्र विचारते, मग पाणी कुठं आहे? प्रश्न रास्त आहे. म्हणून सरकारचं पाणीधोरण पारखायचं कसं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

उदाहरण आपल्याच राज्यातलं घेऊ. डिसेंबर 2014 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जलयुक्त शिवार अभियान सुरू केलं. दरवर्षी 5,000 गावं घ्यायची आणि 2019 पर्यंत राज्य टंचाईमुक्त करायचं, असं ठरलं. नाले खोल आणि रुंद केले, सिमेंटचे बंधारे घातले, बांधबंदिस्ती केली, शेततळी खोदली. वेगवेगळ्या खात्यांची कामं एकत्र आणली, ही चांगलीच गोष्ट झाली.

मग 2018 चा पाऊस कमी पडला. ऑक्टोबरअखेर सरकारला 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात हजारो टँकर धावले. 2020 मध्ये सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या कॅगचा अहवाल विधिमंडळात आला. 9,600 कोटी रुपयांहून जास्त खर्च होऊनही गावं पाण्यात स्वयंपूर्ण होणं आणि भूजल वाढणं, या दोन्ही बाबतींत फारसा परिणाम दिसला नाही, असं त्यात म्हटलं होतं.

असं का व्हावं? बचत गटाची वही आठवा. नुसती जमा लिहिली आणि उचल लिहिलीच नाही, तर शिल्लक कळेल का? पाण्याचंही तसंच आहे. बंधाऱ्यानं पाणी अडतं, जमिनीत मुरतं. ही झाली जमा. पण विहिरीला पाणी दिसलं की कुणी ऊस लावतो, कुणी नवा बोअर घेतो. ही उचल कुणी लिहीत नाही. शेजारच्या बोअरनं पाणी ओढलं की गावाची पिण्याची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते. पाणी अडवलं सगळ्यांच्या पैशानं, उपसलं मात्र ज्याची मोटर मोठी त्यानं.

उपशाला आवर घालणारा कायदा आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 चा, अमलात आला 2014 मध्ये. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी किंवा उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे 200 फुटांपेक्षा खोल विहीर घ्यायला त्यात मनाई आहे. प्रत्यक्षात बोअर किती खोल जातात, ते आपण बघतोच. बंधाऱ्याचं उद्घाटन करता येतं, बोअर थांबवण्याचं करता येत नाही. म्हणून धोरणाची ही बाजू लंगडी राहते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं दोन्ही बाजू सांभाळल्या. तिथं पाणी अडवलंच, शिवाय शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळीसारखी पिकं टाळली. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी पिण्याचं पाणी बाजूला ठेवतात आणि उरलेल्यावर पिकं ठरवतात.

तेव्हा धोरण पारखताना तीन प्रश्न विचारा. मे महिन्यात पिण्याच्या विहिरीला पाणी आहे का? अडवलेलं पाणी कोणत्या पिकाला गेलं? आणि ज्या बाईला ना जमीन ना विहीर, तिच्या वाट्याला काय आलं? या तिन्हींची उत्तरं नसतील, तर बंधारे कितीही मोजले तरी हिशेब अपुराच.

गावच्या पाण्याची नोंद आपणही ठेवू शकतो. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते. त्याच महिन्यांत आपल्या विहिरीत दगड बांधलेली दोरी सोडा, पाणी किती हातांवर लागलं ते वहीत लिहा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथं ही वही उघडा आणि पाण्याचा ताळेबंद मांडायची मागणी ठरावात लिहून घ्या. तोंडी तक्रार हवेत विरते, पण चार वेळा मोजलेल्या पातळीला उत्तर द्यावंच लागतं.