४० ऑलिंपिकपटू, ३९ पदव्या : कोच एड टेंपल

कॉलेजच्या खेळाच्या सरांची आठवण आपल्यापैकी बहुतेकांना वार्षिक स्पर्धा जवळ आल्या की होते. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, एवढंच त्यांचं काम असं आपण धरून चालतो. हे काम खरं तर केवढं असू शकतं, हे समजून घ्यायचं असेल तर अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातले एड टेंपल यांची कारकीर्द पाहावी.

टेंपल यांचा जन्म १९२७ सालचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हॅरिसबर्गचा. टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संस्थेत ते शिकायला आले आणि १९५० मध्ये तिथेच मुलींच्या ॲथलेटिक्स संघाचे कोच झाले. पगार महिना १५० डॉलर, आणि त्यातच कॉलेजचं पोस्ट ऑफिस सांभाळायचं! पुढे ते समाजशास्त्रही शिकवत. १९९४ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी कॉलेज बदललं नाही.

अमेरिकेत ऑलिंपिकचे धावपटू बरेचसे कॉलेजांतूनच घडतात. कोच शाळांमध्ये फिरून गुणी खेळाडू हेरतो, कॉलेज त्यांना शिष्यवृत्ती देतं, आणि ते शिकता शिकता कॉलेजसाठी धावतात. पण त्या काळी ही सोय मुलग्यांची. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदाला बंदी घालणारा कायदा १९७२ मध्ये आला. तोवर मुलींना खेळासाठी शिष्यवृत्ती जवळजवळ नव्हतीच. टेंपल यांच्या संघातल्या मुली कॉलेजातच रोज दोन तास काम करायच्या आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवायच्या. आपल्याकडे ज्याला ‘कमवा आणि शिका’ म्हणतात, तोच प्रकार.

दुसरी अडचण होती वर्णभेदाची. दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्यांच्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना जेवण मिळत नसे, मुक्काम करता येत नसे, वाटेतली स्वच्छतागृहंसुद्धा बंद. त्यामुळे स्पर्धेला निघताना डबे बरोबर घ्यायचे आणि टेंपल सरांनी गाडी चालवायची. थकलेल्या मुलींना शर्यतीच्या दिवशी ताजंतवानं ठेवणं, हाही कोचच्या कामाचाच भाग होता.

या संघाचं नाव ‘टायगरबेल्स’. त्यातली सर्वांत प्रसिद्ध मुलगी विल्मा रुडॉल्फ. लहानपणी पोलिओ झालेला, कित्येक वर्षं पायात कॅलिपर. शाळेत ती बास्केटबॉल खेळत होती, तेव्हा पंच म्हणून आलेल्या टेंपल यांच्या नजरेत तिची धाव भरली. त्यांनी तिला कॉलेजच्या उन्हाळी शिबिरात आणलं. शिस्त कडक होती. उशीर झाला तर मिनिटाला एक फेरी. विल्मा एकदा अर्धा तास उशिरा आली आणि तिला तीस फेऱ्या माराव्या लागल्या, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच हजर!

टेंपल यांच्या कामाची खूण रिलेमध्ये दिसते. बॅटन देणारी पूर्ण वेगात येत असते, आणि घेणारीने मागे न बघता पळायला सुरुवात करून नेमक्या क्षणी हात मागे न्यायचा असतो. ही गोष्ट केवळ वेगाने जमत नाही, बरोबरच्या सरावाने जमते. देशाचा संघ सहसा ठिकठिकाणच्या खेळाडूंना एकत्र आणून बनतो. पण १९५६ च्या मेलबर्न आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महिला रिले संघातल्या चौघीही टायगरबेल्स होत्या. मेलबर्नला ब्राँझ मिळालं, रोमला सुवर्ण. रोममध्ये विल्माने १०० आणि २०० मीटरही जिंकल्या. १९६४ मध्ये टोकियोत १०० मीटरमध्ये पहिली आलेली वायोमिया टायस आणि दुसरी आलेली ईडिथ मॅग्वायर, दोघीही टेंपल यांच्याच. वायोमियाने १९६८ मध्ये ते सुवर्ण पुन्हा जिंकलं. १०० मीटरचं ऑलिंपिक विजेतेपद लागोपाठ दुसऱ्यांदा मिळवणारी ती पहिली व्यक्ती, पुरुष धरूनसुद्धा.

टेंपल यांच्या हाताखालून ४० ऑलिंपिकपटू गेले. त्यांनी २३ पदकं मिळवली, त्यांतली १३ सुवर्ण. पण त्यांना स्वतःला अभिमान होता तो वेगळ्याच आकड्याचा : या ४० जणींपैकी ३९ जणी पदवीधर झाल्या.

हा आकडा इतका महत्त्वाचा का? कारण त्या काळी धावण्यावर पोट भरत नव्हतं. ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठीच होतं. तीन सुवर्णपदकं गळ्यात असलेल्या विल्माने १९६२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी धावणं थांबवलं. १९६३ मध्ये पदवी घेतली आणि क्लार्क्सव्हिल या आपल्या गावी शाळेत शिकवू लागली. पदकाने नाव झालं, नोकरी दिली ती पदवीने. टेंपल हे आधीपासून ओळखून होते, म्हणून मुलींनी आधी वर्गात टिकलं पाहिजे हा त्यांचा आग्रह.

ते निवृत्त झाल्यावर कोचची जागा घेतली त्यांचीच विद्यार्थिनी शँड्रा चीझबरो हिने. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोन्ही रिलेंत सुवर्ण मिळवलेली ही धावपटू. टेंपल २०१६ मध्ये गेले.

कॉलेजच्या अहवालात खेळाच्या पानावर ढाली आणि करंडक मोजलेले असतात. तिथेच आणखी एक रकाना असायला हवा : संघातल्या किती मुलामुलींनी शिक्षण पूर्ण केलं? टेंपल सरांनी आधी तोच पाहिला असता.