पोटगी लेकराच्या हक्काची

नवागाम-दिंडोलीच्या वस्त्यांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची आता दुसरी-तिसरी पिढी नांदत आहे. यांतील एखादा संसार दुर्दैवाने मोडला, म्हणजे प्रथम बैठक बसते. दोन्हीकडची वडीलधारी माणसे जमतात, दागिने-भांडी मोजली जातात, मुद्रांकाच्या कागदावर फारकत लिहिली जाते आणि सून लेकरांसह नंदुरबार, दोंडाईचा किंवा अमळनेरची गाडी धरते. लेकरांच्या निर्वाहाचा प्रश्न मात्र एका ओळीत उरकला जातो : उभयतांची परस्परांवर कोणतीही मागणी राहिलेली नाही.

या एका ओळीविषयीच आम्हांस लिहावयाचे आहे. लेकराचा हक्क हा आईच्या मालकीचा नव्हे. तो सोडून देण्याचा अधिकारही तिला नाही. अशा कागदाने मुलांची पोटगी बुडते, असे न्यायालये मानीत नाहीत. हिंदू दत्तक व पोषण कायदा, १९५६ च्या विसाव्या कलमाने अज्ञान अपत्यांचे व निर्वाहाचे साधन नसलेल्या अविवाहित कन्येचे पोषण हे आईबापांचे कर्तव्य ठरविले आहे. गुजरातमधील एका प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाह बेकायदेशीर म्हणून स्त्रीची पोटगी नाकारली. तिच्या मुलाची रक्कम मात्र वाढवून दिली. आईबापांच्या नात्याचे काहीही होवो, लेकराचे नाते तुटत नाही, हेच त्याचे तात्पर्य होय.

आपण जिला पोटगी वा खावटी म्हणतो, तिला येथील गुजराती कागदांत ‘भरणपोषण’ म्हणतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली मिळे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम लागू आहे. दरमहा ५०० रुपयांची जुनी मर्यादा २००१ सालीच रद्द झाली, तरी काही बैठकींत तो आकडा अजून ऐकू येतो!

माहेरी गेलेल्या स्त्रीस सुरतेचे खेटे घालावे लागतील, ही भीतीही अनाठायी आहे. ती राहते तेथील न्यायालयात अर्ज करता येतो, आणि नंदुरबारला झालेला हुकूम पती सुरतेत असेल तर सुरतेतही बजावता येतो. स्त्रिया व मुलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. अर्जाला विलंब मात्र करू नये. कारण २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते.

मागावरची मजुरी पुष्कळदा रोखीने मिळते. मग उत्पन्न सिद्ध कसे करावे? त्याच निर्णयाने दोन्ही पक्षांना आपले उत्पन्न व मालमत्ता शपथपत्रावर सांगणे बंधनकारक केले आहे. धडधाकट पुरुषाने कामच नाही म्हटल्याने त्याची सुटका होत नाही. हप्ता थकल्यास वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा. प्रत्येक थकित महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही.

तथापि प्रत्येक घराने न्यायालयाची पायरी चढावी, असे आमचे म्हणणे नाही. बैठकीतच नीट ठरले तर उत्तम. प्रत्येक मुलामागे दरमहा किती, कोणत्या तारखेस, हे स्पष्ट लिहावे. रक्कम आईच्या किंवा मुलाच्या बँकखात्यात भरावी. हातोहात दिलेल्या पैशांचा पुरावा राहत नाही, आणि देणाऱ्या बापाचेही त्यात नुकसान होते. जूनमधील वह्या-पुस्तके व आजारपणाचा खर्च वेगळा धरावा. दरवर्षी वाढ किती, तेही नमूद करावे. ठरलेले न्यायालयासमोर मांडून त्याचा हुकूम करून घेतला, तर पुढे वसुली सोपी जाते.

शाळेत आम्हांस या गोष्टींचा शेवट दिसतो. वर्षाच्या मध्यावर दाखल्याचा अर्ज येतो. कधी थोरला मुलगा शाळा सोडून कामाला लागल्याचे कळते. पंचांच्या आसनावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे : भांडी मोजण्याआधी लेकरे मोजावीत, आणि त्यांचा आकडा कागदावर पहिल्या ओळीत लिहावा.