पिकते तिथेच विकायची विद्या
(सभासदांच्या शिकणाऱ्या मुलामुलींसाठी)



ऊसबिल खात्यावर जमा झाले की गट ऑफिसात नाना तऱ्हेचे प्रश्न येतात. कुणाला बेण्याची चौकशी करायची असते, कुणाला सोसायटीच्या वसुलीची. अलीकडे त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, पोरगं पुण्याला जायचं म्हणतंय. डिजिटल मार्केटिंगचा कोर्स हाय म्हणे. साठ हजार फी, वर खोलीभाडं आणि मेस. बिलातनं भरू का? का हे नुसतं खूळच?"

हे खूळ नाही. या धंद्यात काम आहे, आणि आपल्या मुलांना ते जमण्यासारखे आहे. पण साठ हजार आधी भरू नका. हे काम आधी करून बघायचे असते, आणि करून बघायला फारसे पैसे लागत नाहीत. हीच गोष्ट आज सविस्तर सांगायची आहे.

म्हणजे नेमके काय?

पूर्वी मालाची जाहिरात म्हणजे भिंतीवरची रंगवलेली अक्षरे, वर्तमानपत्रातील चौकट, नाहीतर आठवडी बाजारात फिरणारा भोंगा. आता गिऱ्हाईक मोबाईलमध्ये शोधते. गिऱ्हाईक जिथे शोधते तिथे आपला माल त्याला दिसावा, त्याचा भरवसा बसावा आणि त्याने तो घ्यावा, यासाठी जी खटपट करावी लागते तिला डिजिटल मार्केटिंग म्हणतात.

यात एकच काम नाही. दुकानाचे किंवा संस्थेचे पान गूगलच्या शोधात वर यावे म्हणून त्याची मांडणी सुधारणे, याला एसईओ म्हणतात. पैसे देऊन जाहिरात लावणे हे दुसरे काम. गूगलने अशी जाहिरातीची सोय 2000 साली सुरू केली. शोधाच्या जाहिरातीत साधारणपणे कुणी जाहिरातीवर बोट दाबले तरच पैसे लागतात. कोणाची जाहिरात वर दिसणार हे नुसत्या बोलीवर ठरत नाही. जाहिरात शोधणाऱ्याच्या उपयोगाची आहे की नाही हेही पाहिले जाते. याशिवाय मजकूर लिहिणे, फोटो आणि व्हिडिओ करणे, फेसबुक-इन्स्टाग्राम सांभाळणे, जुन्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने धरून ठेवणे आणि या सगळ्याचा हिशेब ठेवणे, ही कामे आहेत.

ज्याची भाषा चांगली त्याने लेखनाकडे जावे. ज्याचे गणित बरे त्याने हिशेबाकडे. फोटोची नजर असेल तर व्हिडिओकडे. सगळे थोडे थोडे यायला हवे, पण नोकरी मिळते ती एका गोष्टीत पक्के असण्यावर.

काटा आणि उतारा

आपल्या सभासदाला हा धंदा समजायला अवघड जाऊ नये. कारखान्यात आपण दोन गोष्टींकडे बारीक लक्ष देतो, एक वजनकाटा आणि दुसरा उतारा. 100 किलो उसातून साखर किती किलो निघाली, हा उतारा. इथेही तसेच. 100 माणसे पान बघून गेली, त्यातील कितींनी माल घेतला, हा या धंद्यातला उतारा.

समजा, एका गुऱ्हाळवाल्याने 5 किलो गुळाची पेटी घरपोच विकायला काढली. गूळ, पेटी आणि पाठवणीचा खर्च वजा जाता पेटीमागे 90 रुपये उरतात. जाहिरातीवर 1500 रुपये घातले. 300 माणसे बघायला आली, 12 जणांनी पेटी घेतली. उतारा 4 टक्के. जाहिरातीचा खर्च पेटीमागे 125 रुपये, म्हणजे दर पेटीला 35 रुपयांचा खड्डा! नुसते "300 लोक आले" म्हणून पेढे वाटणारा मुलगा या धंद्यात टिकायचा नाही. टिकेल तो, जो विचारील की बाकीचे 288 का परत गेले.

तपास केला तर कारण सापडते. "गुळाचा भाव" असे शोधणारा बहुधा शेतकरी नाहीतर व्यापारी असतो. त्याला बाजारभाव हवा असतो, पेटी नको असते. "रसायनविरहित गूळ घरपोच" असे शोधणारा मात्र खरा गिऱ्हाईक. तेव्हा "भाव" हा शब्द असलेल्या शोधात आपली जाहिरात दिसू नये, अशी सोय गूगलच्या जाहिरातीत करता येते. दुसरे कारण असे असू शकते की पाठवणीचा खर्च अगदी शेवटी दाखवला आणि माणूस बिचकला. या दोन गोष्टी सुधारून त्याच 1500 रुपयांत 300 पैकी 20 जणांनी पेटी घेतली, तर खर्च पेटीमागे 75 रुपयांवर येतो आणि 15 रुपये पदरात पडतात. त्यातले पाच जण पुढच्या महिन्यात आपणहून परत आले, तर धंदा उभा राहिला. हे ज्याला समजले त्याला डिजिटल मार्केटिंगचे निम्मे मर्म समजले.

शिक्षण फुकट आहे

गूगलचे स्किलशॉप, हबस्पॉट ॲकॅडमी आणि फेसबुकवाल्या मेटा कंपनीचे ब्लूप्रिंट, या तिन्ही ठिकाणी फी न घेता धडे मिळतात. स्किलशॉपवरील गूगल जाहिरातीची परीक्षाही फुकट आहे. ते प्रमाणपत्र वर्षभर चालते, पुढे परीक्षा पुन्हा द्यावी लागते. लोक काय शोधतात हे बघायला गूगल ट्रेंड्स आहे, आपले पान शोधात कसे दिसते ते बघायला सर्च कन्सोल आहे, दोन्ही विनामूल्य. धडे बरेचसे इंग्रजीत आहेत. सुरुवातीला अडखळायला होते, पण रोज तासभर बसले तर दोन-तीन महिन्यांत पाया पक्का होतो. इंग्रजी वाचता येणे या धंद्यात लागतेच, त्याला पळवाट नाही.

मात्र प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. तेच प्रमाणपत्र हजारो मुलांकडे असते.

आधी एक प्रात्यक्षिक प्लॉट

नवीन वाण आला की आपण सगळे रान त्याखाली घालत नाही. आधी पाच-दहा गुंठ्यांत लावून बघतो. मुलांनीही तेच करावे. गावातले एक खरे दुकान धरावे. मामाचे गुऱ्हाळ असो, बचत गटाची पापड-चटणी असो, नाहीतर रोपवाटिका असो.

पहिले काम, गूगल बिझनेस प्रोफाईल. नाव, पत्ता, वेळ, फोन, स्वच्छ फोटो. याला पैसे पडत नाहीत. गूगलकडून पडताळणी होते, त्यासाठी पुष्कळदा दुकानाचा व्हिडिओ मागतात. दुसरे काम, व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी फोटो-किमतीसह लावणे. तिसरे, आठवड्याला दोन चांगली छायाचित्रे किंवा छोटे व्हिडिओ. काहिलीत रस उकळताना, मळी काढताना, ढेप साच्यातून काढताना. शहरातल्या माणसाला हेच बघायचे असते, आणि हे आपल्या पोरांइतके जवळून कोण दाखवणार? चौथे, मालकाच्या संमतीने पाचशे-हजाराची छोटी जाहिरात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, वही. तारीख, काय केले, किती खर्च, किती फोन आले, किती विक्री, काय चुकले. तीन महिने ही वही नेटाने ठेवली की तीच तुमची खरी पदवी.

नोकरीच्या दारात

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथे जाहिरातीच्या लहान-मोठ्या एजन्सी आहेत. सुरुवात बहुधा उमेदवारीने, बेताच्या पगारावर होते. अर्जासोबत बायोडाटा तर जोडाच, पण वहीतला हिशेब दोन पानांत मांडून जोडा. "आधी आठवड्याला 3 फोन येत होते, आता 11 येतात, आणि त्यासाठी मी हे-हे केले", एवढे खरेपणाने सांगणारा मुलगा गर्दीतून वेगळा दिसतो. न जमलेली गोष्टही लिहा. मुलाखत घेणाऱ्याला त्यावरूनच माणूस कळतो.

आणखी एक. 2022 च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, तेव्हापासून मजकूर आणि चित्रे करून देणारी साधने घराघरात पोचली. नुसते चार ओळी लिहून देणाऱ्याची गरज त्यामुळे कमी होत चालली आहे. पण गिऱ्हाईक का परत गेले हे ओळखायला माल आणि माणूस दोन्ही माहीत असावे लागतात. मराठीत स्वच्छ, पटेल असे लिहिणाऱ्याचे मोल म्हणूनच राहील. ज्या मुलींना शहरात राहायला धाडणे घरच्यांना जमत नाही, त्यांनाही हे काम घरी बसून करता येते, ही जमेची बाजू.

सावध राहा

"100 टक्के नोकरीची हमी" असे लिहिणाऱ्या क्लासला हमी कागदावर मागा. मागील तुकडीतील मुले कुठे लागली ते त्यांच्याशीच फोनवर बोलून विचारा. फीसाठी परस्पर कर्जाच्या कागदावर सही घेतात, ती डोळे झाकून करू नका. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही. "व्हिडिओ लाईक करा, रोज हजार कमवा" ही तर सरळ फसवणूक. आधी थोडे देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात.

आणि आपणही खोटे लिहू नये. गुळाने मधुमेह बरा होतो असे छापणे 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कोल्हापुरी गुळाला 2014 पासून भौगोलिक मानांकन आहे, ते नाव कुठल्याही गुळाला लावता येत नाही. लोकांचे नंबर गोळा करून संमतीशिवाय जाहिराती धाडणेही बरे नव्हे.

पिकते तिथे विकत नाही, असे आपले वाडवडील म्हणत आले. पिकवणे आपल्याकडे आणि विकणे दुसऱ्याच्या हातात, यात आपण पुष्कळ गमावले. ऊस आपण सहकाराने विकायला शिकलो. गूळ, काकवी, हळद, बेदाणा मात्र अजून दुसऱ्याच्याच हाताने विकला जातो. आपल्या मुलाने ही विद्या शिकून पुण्याला नोकरी केली तर आनंदच आहे. गावात राहून चार गुऱ्हाळांचा माल विकला तर त्याहून आनंद.

तेव्हा त्या सभासदाला आम्ही सांगितले, "मुलाला आधी तीन महिने द्या. मोबाईलचा रिचार्ज, दीडशे रुपयांची वही आणि मामाचे गुऱ्हाळ. वही भरली तर फीचे बघू. भरली नाही, तर साठ हजार तरी वाचले."